कोपऱ्याचा वापर: शून्य

आमच्या बागेत कुत्र्यांसाठी कुंपण घालायचं की नाही, यावर जेवढी मतं पडली तेवढी माणसं आमच्या वस्तीत राहत नाहीत. हे मी हवेत बोलत नाही. बागेच्या फाटकाशी मतपेटी ठेवली होती, तिच्यात पडलेली प्रत्येक चिठ्ठी शेजारच्या फळ्यावर टाचली जायची, आणि आमचे हे त्या सगळ्या चिठ्ठ्या रोज वहीत उतरवून घरी आणायचे. मग जेवताना वाचन. घास तोंडात, वही डाव्या हातात आणि पायाशी आमचा कुत्रा.

यांचा धंदा घड्याळं दुरुस्त करण्याचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस संध्याकाळी मोकळ्या हवेसाठी तडफडतो, हे मला कळतं. पण यांनी स्वतःसाठी न तडफडता कुत्र्यांसाठी तडफडायचं ठरवलं आणि 'पट्टामुक्त मंडळ' काढलं. मंडळाचे सभासद अकरा, कुत्री नऊ, आणि सचिव अर्थातच हे. मागणी एवढीच की, पंपघराच्या मागचा कोपरा जाळी लावून बंद करावा आणि आत कुत्र्यांना पट्ट्याशिवाय धावू द्यावं. आमच्या कुत्र्याला सगळे साहेब म्हणतात, कारण तो काही करत नाही आणि कुणी उठवलेलं त्याला खपत नाही. त्याला मोकळं सोडलं तर तो जागच्या जागी लोळेल. पण चळवळ म्हटली की असं बोलायचं नसतं.

"हे ऐक," हे म्हणायचे. "'कुत्र्यांना जागा देता, मग आमच्या नातवंडांनी कुठे खेळायचं?' अरे, गेल्या वर्षभरात नातवंडं मोबाइल सोडून बागेत आली आहेत का? आणि हे. 'माझी कुत्री माणसांपेक्षा शहाणी आहे, कुंपण माणसांना घाला.' हे मात्र बरोबर आहे. आणि हा बघ, हा पुन्हा आला. 'आधी बागेतल्या नळाला पाणी आणा.'"

हा नळवाला कोण ते आजवर कळलेलं नाही. वाचनालयाची वेळ बदलायची होती तेव्हाही त्याने हेच मत दिलं होतं.

एके दिवशी हे वही आपटून म्हणाले, "आता हा कोण उपटला? 'त्या कोपऱ्याचा उपयोग होतो. आहे तसा राहू द्या. — एक नागरिक.' उपयोग होतो म्हणे! काय होतो ते सांगायला जीभ झडली? आणि अक्षर तर विचारू नकोस. फळ्यासमोर पाच मिनिटं उभा राहिलो तेव्हा लागलं. दवाखान्यातलं कुणीतरी असणार."

"भाजी घ्या अजून," मी म्हणाले.

एक नागरिक मीच होते.

मी परिचारिका आहे. बावीस वर्षं घरोघरी जाऊन जखमांच्या पट्ट्या बदलते, इंजेक्शनं देते, आणि अंथरुणाला खिळलेल्यांना कूस बदलायला लावून त्यांच्या शिव्या खाते. हे काम मला मनापासून आवडतं. आजवर दवाखान्याची गाडी आम्हाला सोडायची. ती गाडी या वर्षी कायमची बसली, आणि मेट्रनबाईंनी एक फॉर्म फिरवला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून घरभेटी सायकलवरून. सायकल चालवता येते का? होय किंवा नाही. 'नाही' लिहिणाऱ्यांना नोंदणीच्या खिडकीत बसवणार. खिडकीत बसायचं म्हणजे काचेच्या भोकातून दिवसभर 'पुढचा नंबर' म्हणायचं. त्यापेक्षा मी मीठ-मिरच्या विकल्या असत्या.

मी 'होय' वर खूण केली. त्रेपन्न वर्षांच्या बाईने, जिने आयुष्यात सायकलच्या फक्त कॅरिअरवर बसून प्रवास केला, तिने 'होय' वर खूण केली, आणि वर ती दोनदा गिरवली.

लहानपणी मी एकदाच प्रयत्न केला होता. दोन्ही भाऊ शिकवायला होते. मी कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरींत शिरले आणि चादरीसकट गटारात पडले. सगळी गल्ली हसली. भाऊ तर अजून हसतात. त्यानंतर सायकल दिसली की मी रस्ता बदलायचे.

तर आता महिनाभरात शिकणं भाग होतं, आणि तेही कुणाला न दिसता. मेट्रनबाई बागेच्या समोरच राहतात. तेव्हा पंपघरामागचा कोपरा. तिथे उंच झुडपांची रांग आहे, एक बाक आहे आणि अर्धं मैदान होईल एवढी सपाट जमीन आहे. बागेचा माळी माझ्या ओळखीचा. त्याच्या बायकोचा मोडलेला हात मी महिनाभर बांधला होता. त्याची जुनी सायकल पंपघरात असते. दुपारी साडेचार ते साडेपाच ती माझी. हे दुकानातून सहाला येतात, तोवर मी घरी येऊन पायाला मलम लावून बसलेली असे. नडगीचे निळे डाग यांना दिसले नाहीत. घड्याळातला केसाएवढा काटा यांना दिसतो, बायकोची नडगी दिसत नाही.

त्या कोपऱ्याची एक रीत होती, न सांगता सगळ्यांनी पाळलेली. आत आधीच कुणी असेल तर बघायचं नाही, सरळ पुढे निघून जायचं. मीही कित्येकदा कुणाची तरी पाठ पाहून परत फिरले होते, आणि माझ्या वेळेला झुडपांपलीकडून पावलं येऊन तशीच परत गेलेली मी ऐकली होती. कोण, कशाला, हे कुणी विचारत नसे. आमच्या वस्तीत न विचारलेली ही एकच गोष्ट असावी.

अशात बागेच्या कचेरीला न्याय करायची हुक्की आली. मतं काय, कुणीही देतं. प्रत्यक्ष पाहणी करू. म्हणून त्यांनी बागेच्या कारकुनाला सात दिवस त्या कोपऱ्यात बसवलं. घडीची खुर्ची, छत्री, पाण्याची बाटली आणि मांडीवर रजिस्टर. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वेळ आणि येण्याचं कारण लिहायचं. सकाळी सहा ते संध्याकाळी सात. आमच्या कारकुनासारखा कामसू माणूस शोधून सापडणार नाही. जेवायलासुद्धा उठला नाही.

पहिल्या दिवशी मी झुडपांपाशी पोचले, छत्री दिसली आणि आल्या पावली वळले. वाटेत निवृत्त मुख्याध्यापिका भेटल्या, त्याही वळलेल्याच. "जरा हवा खायला आले होते," त्या न विचारता म्हणाल्या. "मीही," मी म्हणाले. थोडं पुढे किल्लीवाले. बाजारात त्यांचं कुलूपकिल्ल्यांचं दुकान आहे, सत्तरीचा शांत माणूस. खांद्याला हत्यारांची पिशवी. तेही परत चालले होते. त्यांनी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं एकमेकांना पाहून लांबूनच वळलो. छत्री बघून ते दोघंही आपली नेहमीची वेळ सोडून भलत्याच वेळी येत होते, हे मला सभेत कळलं.

माझा एक आठवडा असा फुकट गेला. मला सरळ जाता येत होतं, वळता कसंबसं येत होतं, थांबता अजिबात येत नव्हतं. थांबायचं झालं की मी झुडपात शिरत असे.

सभा रविवारी सकाळी शाळेत भरली. मोठ्या माणसांना लहान मुलांच्या बाकांवर बसवलं की अर्धी भांडणं आपोआप मिटतात, कारण गुडघे छातीशी घेऊन कुणाला तावातावाने बोलता येत नाही. हे पहिल्या रांगेत, मंडळाच्या लोकांसोबत. त्यांच्यामागे मेट्रनबाई, कुत्र्यांच्या भुंकण्याविरुद्ध तीन पानी निवेदन घेऊन. त्यांच्यामागे मी.

बागेच्या अधीक्षक बाईंनी अहवाल वाचला. "प्रत्यक्ष पाहणी, दिवस सात. कोपऱ्याचा वापर करणाऱ्या व्यक्ती: शून्य."

"पाखरू फिरकलं नाही," कारकून उभं राहून म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं. बिचाऱ्याने रोज सकाळी पानाच्या वर तारीख सुबक अक्षरात लिहिली होती.

यांनी टाळी वाजवायला हात उचलले. "म्हणजे जागा पडून आहे," अधीक्षक बाई म्हणाल्या. "वापरच नाही, तर कुंपणाला हरकत कुणाची? आहे कुणाची?"

मी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं, त्या छताकडे पाहत होत्या. किल्लीवाले शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते. कुंपण झालं तर माझं शिकणं बुडालं, घरभेटींची फेरी गेली. बोलले तर मेट्रनबाईंना खोटं कळणार, तरी फेरी गेली. दोन्हीकडून खिडकीच. मग निदान गप्प राहून खिडकीत बसायला नको, असं मला वाटलं असावं. खरं सांगायचं तर काही वाटायच्या आत मी उठून उभी होते. बाक एवढा छोटा की तोही माझ्याबरोबर उठला.

"माझी हरकत आहे," मी म्हणाले. "मी रोज जाते तिथे. साडेचार ते साडेपाच. कारकून रजिस्टर घेऊन बसले म्हणून गेले नाही. मी तिथे सायकल शिकते. मला सायकल येत नाही."

आमचे हे वळले. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, जणू घड्याळ उघडावं आणि आतून बेडूक निघावा. मेट्रनबाई मात्र वळल्या नाहीत. त्यांची मान तेवढी ताठ झाली.

कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. मग मुख्याध्यापिका उठल्या. "मीही जाते. सकाळी सातला. चौतीस वर्षं पोरांना वर्गात शीळ घालू नका म्हणून ओरडले. मला स्वतःला येतच नव्हती. आता शिकतेय." आणि खाली बसल्या. दातांच्या डॉक्टरांनी उभं राहून सांगितलं की ते तिथे चॉकलेट खातात, आणि ही गोष्ट त्यांच्या रुग्णांपर्यंत पोचू नये. सभेत सगळे त्यांचेच रुग्ण होते.

कारकुनाने चटकन रजिस्टर उघडलं. त्याचा चेहरा उजळला होता. "एक एक करा. नाव, वेळ, कारण."

किल्लीवाले उठले ते सर्वांत शेवटी. "संध्याकाळी सहा ते सात."

"कारण?"

"बसतो."

"बसून काय करता?"

"काही नाही."

"काही नाही असं लिहिता येत नाही हो."

"आमच्या घरात चौदा माणसं आहेत," ते म्हणाले. "माझा भाऊ गेला तेव्हापासून प्रत्येकजण दिवसातून एकदा विचारतो, बरं आहे ना? चांगली माणसं आहेत. मी सगळ्यांना बरं आहे म्हणतो. पण तासभर तरी बरं नसायला जागा लागते ना."

कारकुनाने काहीतरी लिहिलं आणि रजिस्टर मिटलं. काय लिहिलं ते मी नंतरही विचारलं नाही.

कोपरा राहिला. कुत्र्यांना फाटकाजवळचा सुकलेल्या गुलाबांचा वाफा मिळाला, आणि मंडळ त्यावरही खूश झालं. मेट्रनबाईंनी मला व्हरांड्यात गाठलं.

"सिस्टर, फॉर्मवर होय लिहिलंय तुम्ही."

"हो."

"दोनदा गिरवलंय."

"हो."

"मंगळवारी एक तारीख. सकाळी आठला दवाखान्याच्या अंगणात फेरी मारून दाखवायची. नाहीतर खिडकी." आणि निघून गेल्या. तीन पानी निवेदन त्यांच्या हातातच राहिलं होतं.

घरी आल्यावर यांनी साहेबाला पाणी दिलं, वही कपाटात ठेवली, मग म्हणाले, "एक नागरिक तू?"

"मीच."

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तुम्ही हसला असतात."

हे खोटं बोलत नाहीत, तेवढा एक गुण आहे. "हसलो असतो," म्हणाले, आणि जे हसायला लागले ते चहा गार होईपर्यंत. मी उशी फेकून मारली.

सोमवारी साडेचारला मी कोपऱ्यात पोचले. जत्रा म्हणावी तशी गर्दी. ज्या कोपऱ्यात कधी कुणी डोकावत नसे तो आता प्रत्येकाला पाहायचा होता. बाकावर तीन बायका थर्मास घेऊन बसल्या होत्या. मुख्याध्यापिकांचे जुने विद्यार्थी, स्वतःच आजोबा झालेले, त्यांना शीळ घालून दाखवा म्हणून गळ घालत होते. दातांच्या डॉक्टरांना एका मुलीने चॉकलेट दिलं आणि ते घाईघाईने निघून गेले. हे साहेबाला घेऊन, दुकान लवकर बंद करून हजर. आणि झुडपांपाशी, हाताची घडी घालून, मेट्रनबाई.

परत फिरायचं मनात आलं होतं. पण माळ्याने सायकल आणून हातात दिली, आणि तीस जण एकदम बोलू लागले. पुढे बघा, खाली बघू नका. हँडल सैल धरा. हँडल घट्ट धरा. मी पाय टाकला, चार पॅडल मारली, साहेब नेमका मध्ये लोळत होता, त्याला चुकवायला वळले आणि सायकलसकट आडवी झाले.

सगळे हसले. यांनी तर झाडाला धरलं. थर्मासवाल्या बायका, माळी, मुख्याध्यापिका, सगळे. मी मातीत पडल्या पडल्या वाट पाहत होते की आता काहीतरी भयंकर होईल. काहीच झालं नाही. त्यांचं हसून झालं, कुणीतरी हात दिला, कुणीतरी सायकलची चेन बसवली. चव्वेचाळीस वर्षं मी ज्याला भीत होते ते एवढंच होतं. उठून उभं राहीपर्यंत संपूनही गेलं. मला माझाच राग आला आणि त्या रागात मी पुन्हा बसले. एक फेरी, दोन, तीन. वळले. पुन्हा वळले. थांबायच्या वेळी मी झुडपाकडे निघाले, तेव्हा माळ्याने कॅरिअर धरलं.

मेट्रनबाई डोळे पुसत पुढे आल्या. त्यांना हसताना मी बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, आणि मला वाटतं, त्यांनाही सवय नव्हती. उचकी लागली होती. "उद्या अंगणात यायची गरज नाही," म्हणाल्या. "यादी घ्या आणि सरळ फेरीला निघा. सावकाश जा. आणि घरी जायच्या आधी ब्रेक शिका. रुग्णांच्या दारांशी झुडपं नाहीत."

फेरी माझी राहिली. माझा जीव भांड्यात पडला. माळ्याने ब्रेक दाखवला, मी दाबून पाहिला, पुन्हा पाहिला; उभ्या सायकलला तो छान लागत होता. लोक हलायला तयार नव्हते, प्रत्येकजण मला पुन्हा चालवून दाखवायला सांगत होता. सहा वाजत आले. मी यांना शोधायला मान वर केली, तेव्हा झुडपांपाशी किल्लीवाले दिसले. खांद्याला पिशवी. ते बाकाकडे पाहत होते. बाकावरच्या बायकांनी त्यांना पाहून सरकून जागा केली, आणि तिघी एकदम म्हणाल्या, "या ना! बरं आहे ना आता?"

त्यांनी हात जोडले, बरं आहे म्हणाले, आणि वळून चालू लागले.

सगळ्यांना आपापलं मिळालं होतं. मला फेरी, कुत्र्यांना वाफा, कारकुनाला भरलेलं रजिस्टर. आणि ज्या माणसाने माझ्यामागून उठून आपलं मनातलं वस्तीसमोर ठेवलं, त्याची बसायची जागा आम्हीच खाल्ली होती. मला फार वाईट वाटलं. पायी गेले असते तर ते फाटकाबाहेर निघून गेले असते, म्हणून मी सायकलवर बसले.

"अहो! थांबा जरा!" मी ओरडले. ते थांबले. मी थांबले नाही. त्यांच्या बाजूने गेले, फाटकातून गेले, रस्त्यावर आले.

"ब्रेक! सिस्टर, ब्रेक दाबा!" ते पिशवी खडखडवत मागे धावत आले. मी दाबला, दोन्ही हातांनी, आणि एका भिंतीपासून वीतभर अलीकडे उभी राहिले. मग शांतपणे, अगदी सावकाश, बाजूला पडले.

त्यांनी मला उठवलं. सायकलचं हँडल वाकडं झालं होतं. त्यांनी पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून ते सरळ केलं, पिशवीतून पाना काढून नट आवळला. त्यांचे डोळे लाल होते. माझ्या जिभेवर प्रश्न आला. मी तो दिवसातून चाळीस वेळा विचारते, तोच माझा धंदा आहे.

मी ओठ मिटून घेतले. त्यांनी पिशवी कॅरिअरला अडकवली, मी हँडल धरलं, आणि बाजार उजवीकडे असताना आम्ही डावीकडे वळलो. त्या रस्त्याला दुकानं नाहीत की ओळखीचं कुणी नाही. तासभर तरी चाललो असू. ते मध्येच एकदा रस्त्याच्या कडेला थांबले, माझ्याकडे पाठ करून. मी सायकलच्या घंटीकडे पाहत उभी राहिले आणि काही विचारलं नाही. मला ते सायकलपेक्षा अवघड गेलं.